परतगंध

काळखडीच्या बागेत शिट्टी वाजत नाही, याचंच लोकांना सगळ्यात कौतुक. कराडच्या बाहेर जिथं वर्षानुवर्षं सुरुंग उडाले, खडीची यंत्रं धूळ ओकत राहिली, तिथं आता डोहाभोवती निरगुडी दाटली होती. कपारींतून सोनकी डोकावत होती. लोक पोरंबाळं, डबे, चटया घेऊन येत. कुंपण नाही, पहारेकरी नाही, 'गवतावर चालू नये' अशी पाटी नाही. तरी गवत शाबूत! माणसं यायची, टेकायची, हसायची-खिदळायची, आणि मग त्यातलीच एखादी बाई हातातला घास तसाच धरून म्हणायची, "अगं बाई, गॅस बंद केला होता ना मी?"

तिच्या शेजारणीला आठवायचं, गच्चीवर कपडे राहिलेत. तिकडे एखाद्या काकांना वाटायचं, आज आपल्याकडे कुणीतरी यायचं होतं. चटया झटकल्या जायच्या, चपला शोधल्या जायच्या, आणि दिवेलागणीच्या आत बाग रिकामी. मागे जमीन पुन्हा फुलून यायची.

ही बाग ऋजुतानं आखली होती. बाहेरगावची मंडळी बघायला यायची आणि विचारायची, "मॅडम, लोकांना एवढी शिस्त कशी लावलीत?"

"जागा चांगली असली की माणूस शहाणा होतो," ऋजुता हसून सांगायची. हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं होतं, की म्हणताना आता लाजही वाटत नसे.

खरी गोष्ट निराळीच होती. उघड्या काळ्या दगडावर माती धरवायची, म्हणजे दुधावर साय धरू देण्यासारखं. आधी शेवाळ येतं, दगडफूल येतं. मग बोटभर माती, तिच्यात गवत, गवताच्या आधारानं झुडूप. या सायीवर पावलं पडली की मातीतल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरेनासं होतं, मुळं गुदमरतात. थोडी पावलं जमीन सोसते, रात्रीतून सावरते. फार झाली की मरते. आणि बाग तर माणसांसाठीच करायची होती. गावाला दुसरी मोकळी जागा उरलीच नव्हती.

पहिल्या वर्षी ऋजुतानं सगळं रीतसर केलं. लाकडी पायवाटा, पाट्या, तारा, शिट्टीवाले. पाट्या चुलीत गेल्या. तारांवर ओले टॉवेल वाळले. एका शिट्टीवाल्याला वाढदिवस करायला आलेल्या टोळक्यानं डोहात ढकललं आणि वर त्याचा व्हिडिओ काढला. पावसाळा संपला तेव्हा उतारावर पुन्हा काळा दगड दिसत होता, आणि ऋजुता त्या दगडावर बसून एखाद्याच्या मयताला बसावं तशी बसली होती.

त्या दिवसांत भोसेकर आला. डॉक्टर निरंजन भोसेकर, झाडांच्या गंधांवर काम करणारा माणूस. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपली चेष्टा करतोय.

"मॅडम, झाडं मुकी नसतात. गवत कापल्यावर तुम्हाला जो ताजा ताजा वास येतो ना, ती त्यांची बोंब असते. शेजारच्याला सांगतात, बाबा रे, सावध हो. आपण फक्त ती बोंब माणसाला कळेल अशी करायची."

निरगुडीच्या जनुकांत त्यानं फेरफार केला होता. मुळांभोवतीची माती दाबली गेली की मुळांना ते उमगे आणि पानं एक विशिष्ट रेणू हवेत सोडत. माणसाला त्याचा वास असा काही येत नसे. पण नाकातून मेंदूत जाणारी एक वाट अशी आहे, की ती विचाराला वळसा घालून थेट काळजीच्या घरात शिरते. हा रेणू तिथं जाऊन नुसती टिचकी मारी. भीती नाही, किळस नाही. नुसती हुरहुर. घरी काहीतरी राहिलंय. काय राहिलंय, ते ज्याचं त्यानं शोधायचं, आणि मन बरोबर शोधतं. त्याला रिकामी हुरहुर सोसवत नाही. गॅस, कपडे, पाहुणे, हाताशी येईल ते कारण ते तिला चिकटवतं. जमीन मोकळी झाली की पानं पुन्हा गप्प.

ऋजुतानंच त्याचं नाव ठेवलं, परतगंध.

बागेच्या समितीच्या बैठकीत एका वयस्कर सभासदांनी विचारलं होतं, "पण हे लोकांना सांगायचं ना?"

"सांगितलंत की संपलं," भोसेकर म्हणाला. "ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, छे, हा तर झाडाचा खेळ, आणि पाय पसरून बसून राहील. आत्ता कसं, जो तो आपल्या मनानं उठतो. याहून मोकळीक ती कोणती?"

सगळे हसले. ऋजुताही हसली.

तिच्या आईला मात्र या बागेत कधी हुरहुर लागली नाही.

हेमलताबाईंचा सगळा दिवस नेमाचा. पहाटे स्नान, पूजा, वाती वळणं, एक अध्याय वाचल्याशिवाय तोंडात पाणी नाही. कोरोनाच्या साथीत त्यांचा वास गेला, तो गेलाच. दूध करपलं तरी कळत नसे. उदबत्ती लागली की नाही, ते धुराकडे बघून ठरवत. त्याचंही त्यांना वाईट वाटलं नाही. "देवाच्या फुलाचा वास घ्यायचाच नसतो," त्या म्हणत. "माझ्या हातून आता चुकूनसुद्धा घडायचं नाही."

बाग उघडली तेव्हा लेकीची बाग म्हणून आई-बाबा दोघं रोज संध्याकाळी जाऊ लागले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत, रात्रपाळ्यांत गेलेली. नवरा-बायकोला शेजारी शेजारी निवांत बसायला मिळालं, ते असं उतारवयात. आणि बाबा बसेनात.

"बसा की हो. आत्ता तर आलो."

"नको. चल."

"घरी कोण ओवाळायला थांबलंय तुम्हाला?"

"तसं नाही गं. काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय."

"डेपोत गाडीखाली बारा-बारा तास पडून असायचात. माझ्याजवळ बसलं की मुंग्या चावतात तुम्हाला!"

सुरुवातीला ही थट्टा होती. मग थट्टेला काटे आले. मग आईनं बागेत जाणंच सोडलं. बाबा एकटे जात, चक्कर मारून परत येत आणि टीव्हीपुढे बसत. ती आत देवापाशी, ते बाहेर टीव्हीपाशी. असं वर्ष गेलं, आणि एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच बाबांचं हृदय थांबलं. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आई ऋजुताला म्हणाली, "शेवटी शेवटी मी नकोशी झाले होते त्यांना. का, ते विचारायचं राहून गेलं."

ऋजुताला ठाऊक होतं का ते. बाबा हयात होते तेव्हापासून ठाऊक होतं. एकदा डोहाच्या वरच्या अंगाला ती गंधमापक, म्हणजे हवेतला परतगंध मोजणारं यंत्र, बघत उभी असताना खालची सगळी बाकं रिकामी होत गेली. उरली एकटी आई, मांडीवर हात ठेवून पाण्याकडे बघत. वाटेच्या वळणावर बाबा चुळबुळत उभे. जिला वासच येत नाही, तिला झाड काय उठवणार? ऋजुताच्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला होता. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरांची माणसं यायची होती, अशीच बाग आपल्याकडे करायची म्हणून. आईला सांगावं तर आई देवळात सांगणार. दिवाळी झाली की सांगू, असं तिनं ठरवलं. दिवाळी झाली. पुढची संक्रांतही झाली.

यंदा कार्तिकात आईचा फोन आला. आवाज असा, की ऋजुताला आधी ओळखूच येईना.

"वृंदा येतेय! आवळीभोजनाला. हो म्हणाली!"

वृंदा, आईची धाकटी बहीण. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आजी आईकडे आजारी होती. वृंदामावशीला वेळेवर बोलावलं नाही, ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मावशीच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर होतं, तिची ओढाताण नको म्हणून नाही बोलावलं, असं आई म्हणायची. मावशी काहीच म्हणत नसे. तिनं येणं बंद केलं, एवढंच.

"कुठं करणार आहेस?" ऋजुतानं विचारलं.

"कुठं म्हणजे? तुझ्या बागेत. खाणीच्या काठावरची आवळी आहे ना."

"आई, अंगणात फांदी लावून घरीच करू या."

"फांदीखाली कुणी जेवतं का? आणि वृंदा माझ्या घरी यायची नाही. म्हणाली, ताई, तुझा उंबरा नाही चढणार, झाडाखाली येईन. झाड काय, सगळ्यांचंच. ऋजू, ती पंगतीत बसली, माझ्या हातचं पोटभर जेवली, की झालं बघ. बोलायची गरजच नाही. फक्त पानावरून उठू नये कुणी."

भरल्या पानावरून उठणं म्हणजे त्या घराशी संबंध संपला. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पोळी कशी मोडायची हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसं ते ठाऊक होतं. आणि आवळीभोजनाच्या गर्दीत आवळीभोवतीची निरगुडी पहिलं वाढप होईतो बोंब मारणार, हेही ऋजुताला तितकंच ठाऊक होतं.

तिनं भोसेकरला फोन लावला. ठिबकच्या पाण्यातून एक औषध सोडलं, तर निरगुडी दिवसभर गप्प राहू शकत होती.

"आवळीपाशी?" भोसेकर म्हणाला. "मॅडम, बी पडायचे दिवस आहेत. तिथली साय सगळ्यात पातळ. लोक दिवसभर बसले तर तीन वर्षांचं काम एका जेवणात संपेल."

"एकच दिवस."

"कोणासाठी?"

"आईसाठी."

"मग काय बोलायचं! बागेत येणाऱ्या प्रत्येकाला एकेक आई असते, एवढंच लक्षात असू द्या." मग म्हणाला, "सोडतो औषध. जबाबदारी तुमची."

आवळीभोजनाच्या दिवशी ऊन मऊ पडलं होतं. आईनं आवळीच्या बुंध्याशी हळदकुंकू वाहिलं, सूत गुंडाळलं, दिवा लावला, नैवेद्य दाखवला. नातेवाईक, शेजारी, भजनातल्या बायका, पंगत मोठीच झाली. पलीकडे दुसऱ्या कुटुंबांच्या पंगती होत्या. तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या.

वृंदामावशी रिक्षानं आली. अंगानं आईसारखीच बारीक, केस आईपेक्षा पांढरे. आईकडे बघून ती एवढंच म्हणाली, "ताई, किती वाळलीस."

"तूच वाळलीस. बस, बस."

ऋजुता मधूनच झुडपाआडच्या खांबापाशी जाऊन गंधमापक बघून येत होती. शून्य. पुन्हा शून्य. निरगुडी खरोखर मुकी झाली होती. आणि त्या बागेत कधी झालं नव्हतं ते तिच्या डोळ्यांदेखत घडत होतं, लोक बसून राहिले होते. कुणाला गॅस आठवेना, कुणाला पाहुणे आठवेनात. पोरं उतारावरून घसरगुंडी करत होती आणि त्यांच्या चड्ड्यांना चिकटून माती गठ्ठ्यागठ्ठ्यानं खाली येत होती. सोनकीचे वाळके झुबके चुलीत जात होते. एक काका झाडाखाली आडवे होऊन घोरू लागले होते. ऋजुताला एकेक पाऊल पोटात लागत होतं. पण तिकडे आई मावशीच्या पानात तोंडलीचा मसालेभात वाढत होती, आणि मावशी "पुरे पुरे" म्हणत असतानाही पान पुढे करत होती. जाऊ दे माती, ऋजुताच्या मनात आलं. पुन्हा धरवू.

खांबापाशी ती पुन्हा एकदा गेली. शून्य. मान वर केली, तर पंगतीत मावशी उभी होती. पान निम्मं भरलेलं. कढीची वाटी तशीच.

"वृंदा?" आईच्या हातात पळी होती. "काय गं? काय हवं?"

"मला निघायला हवं, ताई," मावशी शांतपणे म्हणाली. "घरी काहीतरी राहिलंय."

पंगतीतले सगळे हात थांबले. मावशी पदर सावरून वाटेला लागली. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. आई पळी धरून तशीच उभी. कढी तिच्या पावलांवर ठिबकत होती.

संध्याकाळी ऋजुता आईकडे गेली. भांडी घासून पालथी घातलेली. आई देवापुढे बसली होती, पण पोथी मिटलेली होती. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि आता खाणारही नव्हती.

"आई, मावशी रागानं नाही उठली."

आईनं मान वर केली नाही.

मग ऋजुतानं सांगितलं. निरगुडी, रेणू, नाकातली वाट, हुरहुर, सगळं. ज्याचं तोंड तिनं एवढी वर्षं शिवून ठेवलं होतं, ते भडाभडा बाहेर आलं. "म्हणून मावशी उठली. तिला कळलंही नसेल का ते. तुला वास नाही, म्हणून तुला काही झालं नाही." बोलताना तिच्या डोळ्यांपुढे गंधमापकावरचं शून्य होतं.

आईच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "म्हणजे वृंदा आपल्या मनानं नाही उठली?"

"नाही."

आईनं लगेच फोन लावला. स्पीकरवर टाकला, तिला कमी ऐकू यायचं. ऋजुता "आत्ता नको, उद्या कर" म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आलाही होता.

"वृंदा, अगं, तुझी चूक नाही बाई. त्या झाडांचा वास असतो, माणसाला उठवतो. ऋजू सांगतेय."

"कसला वास?" मावशीचा आवाज कोरडा होता. "ताई, कढी वाढताना तू काय म्हणालीस, आठवतंय? 'आईला फार आवडायची. शेवटच्या दिवशीसुद्धा वाटीभर मागून प्यायली.' मला फोनवर तू सांगितलं होतंस, तिची शुद्ध गेलीय, येऊन उपयोग नाही. अकरा वर्षं मी तेवढंच धरून होते. म्हटलं, गेले असते तरी ती कुठं बोलणार होती. तेवढंही आज तू काढून घेतलंस."

"वृंदा, तुझ्या लेकीचं बाळंतपण..."

"मी उठले ती माझ्या मनानं. झाडांना नावं ठेवू नकोस."

फोन बंद झाला. आईनं तो पोथीवर पालथा ठेवला.

"आज होता का तो वास?" तिनं विचारलं.

"नव्हता," ऋजुता म्हणाली. "आज बंद केला होता. तुझ्यासाठी."

"मग खोटं का बोललीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

आई हसली. ते हसू ऋजुतानं तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "मीही वृंदाला तेवढ्यासाठीच सांगितलं होतं. आपल्या घराण्याचं हे एक बरं आहे, सगळ्यांना सगळ्यांचं भलं हवं."

"आई, पण बाबांचं खरं आहे." ऋजुता तिच्या समोर गुडघ्यांवर बसली. "बाबा बाकावरून उठायचे ना, ते त्या वासामुळे. तेव्हा तो चालू होता. तू त्यांना नकोशी वगैरे कधीच झाली नव्हतीस. शपथ घेते."

"तुला कधीपासून ठाऊक आहे हे?"

ऋजुतानं नजर निरांजनाकडे वळवली.

"ते होते तेव्हापासून?"

"हो."

आईनं निरांजनातली वात काडीनं पुढे सारली.

"मगाशी वृंदाचं सांगितलंस ना, ते असाच चेहरा करून सांगितलंस," ती म्हणाली. "अगदी अस्साच. आता ह्यांचं सांगतेयस. ह्यातलं कुठलं घेऊ मी, ऋजू? ते असते तर त्यांना विचारलं असतं. आता तू म्हणशील ते. आणि तुझं म्हणणं तर मी आज पाहिलं."

"आई, यंत्रावर नोंद आहे, मी दाखवते तुला. सगळी नोंद आहे."

"यंत्र तुझं, बाग तुझी, वास तुझा." आईचा आवाज जराही चढला नाही. या बाईनं जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. "एक विचारू? तू इथं येतेस, चहा निम्मा ठेवतेस आणि निघतेस. बाबा गेल्यापासून एकदाही पूर्ण कप झाला नाही तुझा. माझ्या घरात तर झाडसुद्धा नाही गं."

"असं काय म्हणतेस? कामं असतात. उद्या सकाळी आवळीपाशी किती माती गेली ते बघायचंय, भोसेकर येणार आहे, मग परत..."

आई मान वर करून तिच्याकडे बघत होती. एवढी वर का बघतेय, हे ऋजुताला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, आपण उठून उभ्या राहिलोय, आणि पर्स खांद्यावर आहे.